पैशाला लागलेली अट

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोकमध्ये हॅल्व्हरगेटची पाणथळ कुरणं आहेत. पाण्याने भरलेले चर, काठाला टिटव्या, मध्ये गुरं. 1980च्या आसपास इथले शेतकरी पंपाने पाणी उपसून गहू पेरू लागले. त्यांना बोल लावणं अन्यायाचं ठरेल. गव्हाला युरोपीय समुदायाचा हमीभाव होता, निचऱ्यासाठी सरकारी अनुदानही होतं. कुरणावर नांगर फिरला तो याच पैशाच्या जोरावर.

हमीभावाचं हे युरोपीय शेतीधोरण 1962 सालचं. युद्धकाळातली टंचाई लोक विसरले नव्हते, तेव्हा पिकेल तेवढ्याला भाव देणं रास्तच होतं. पण कोठारं भरून लोण्याचे डोंगर उभे राहिले तरी हात आखडला नाही.

1985 साली हॅल्व्हरगेटला वेगळा प्रयोग झाला : कुरण राखा, एकरी 50 पौंड घ्या. बहुतेकांनी ते मान्य केलं. त्याच वर्षी अमेरिकेने दुसरं टोक धरलं : पाणथळ मोडून पीक घेतलं, तर सरकारी मदत बंद. एकीकडे आमिष, दुसरीकडे अट. युरोपात पुढे दोन्ही एकत्र आली.

1992 साली युरोपचे शेती आयुक्त रे मॅकशॅरी यांनी हमीभाव उतरवून हेक्टरी मदत सुरू केली. 2003च्या सुधारणेत नंतरचे आयुक्त फ्रान्झ फिशलर यांनी ती उत्पादनापासून तोडली आणि अट सक्तीची केली. पाणी दूषित केलं, मातीची हेळसांड केली, तर अनुदानाला कात्री. निष्काळजीपणाला साधारण 3 टक्के, जाणूनबुजून केलं तर बरीच मोठी. जनतेचा पैसा जनतेचं पाणी नासवायला वापरू नये, एवढंच हे मागणं, आणि मला ते पूर्ण पटतं. 2013 साली थेट मदतीचा 30 टक्के वाटा 'हरित' कामांना बांधला. पण युरोपच्या लेखापरीक्षकांना 2017 साली दिसलं, की त्यामुळे जेमतेम 5 टक्के शेतजमिनीवरची पद्धत बदलली.

2023 पासून पेरणीच्या जमिनीपैकी 4 टक्के पडीक ठेवण्याची अट आली. चंडोलाला घरटं करायला अशी जमीन सोयीची असते. पुढच्याच हिवाळ्यात ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर उतरले. पडते भाव, महागडा खर्च, कागदपत्रांचा जाच ही दुखणी खरीच होती. 10 हेक्टरपर्यंतच्या शेतांना तपासणी-दंडातून सूट मिळाली, ते योग्यच झालं. पण पडीक जमिनीची सक्तीही गेली, आणि ती तर 10 हेक्टरांहून जास्त पेरणीची जमीन असलेल्यांनाच लागू होती.