ऐकायची मुभा, बोलायची नाही

वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट काही मिनिटांत खाडी ओलांडते. रस्त्याने जायचे तर मालाड आणि मार्वेवरून मोठा वळसा पडतो. म्हणून वर्सोवा-मढ पूल लवकर व्हावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मासळी सुकवायची जागा, होड्यांची वाट आणि खारफुटी यांचे काय होणार, असे विचारणारेही आहेत. हा पूल मुंबई महापालिकेचा प्रकल्प आहे. मग मढच्या एखाद्या कोळीणबाईला महापालिकेच्या सभागृहात उभे राहून तीन मिनिटे आपले म्हणणे मांडता येईल का?

नाही येणार. आणि हा नकार फार जुना आहे.

आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळ्या कारभारावर चिडलेल्या करदात्यांनी 1871 साली मुंबईत चळवळ केली. त्यातून 1872 चा कायदा आला. 64 सदस्यांची महापालिका झाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. 1873 साली निवडून आलेल्यांत तरुण बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी होते. फिरोजशाह मेहतांचा मोठा वाटा असलेला 1888 चा कायदा आजही, अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे. त्याचे कलम 36 सांगते की सभा लोकांसाठी खुली असेल. मात्र बहुमताने ठरले तर ती बंद दाराआड घेता येते आणि कामकाजात व्यत्यय आणणाऱ्याला अध्यक्ष बाहेर काढू शकतात. म्हणजे नागरिकाने गॅलरीत बसावे, ऐकावे आणि गप्प राहावे.

त्या काळी मत फक्त कर भरणाऱ्यांना होते. 1948 च्या निवडणुकीत ते प्रत्येक प्रौढाला मिळाले. मताचा दरवाजा असा रुंदावला, पण गॅलरीतले मौन तसेच राहिले.

1957 साली शहराची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली आणि मालाडचा पट्टा मुंबईत आला. पुढच्याच वर्षी, 1958 साली, राज्याचा ग्रामपंचायत कायदा झाला. त्या कायद्याने गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. तो उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर असले की गणपूर्ती होते. शहरात आलेल्या कोळीवाड्यांना नळ, दिवे, रस्ते मिळाले असतील. हा हक्क मात्र मिळाला नाही.

पुढे 74 वी घटनादुरुस्ती आली, प्रभाग समित्या आल्या. 2009 साली महाराष्ट्राने क्षेत्र सभांची तरतूद केली. मुंबईत ती कागदावरच राहिली. उरतो तो हरकती आणि सूचनांचा मार्ग. तो अगदीच निरुपयोगी नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा हजारो हरकती आल्या. गावठाणे आणि कोळीवाडे नीट दाखवले नाहीत, ही त्यांतली एक मोठी तक्रार होती. एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करायला लावले. पण हरकत लिहायला कागद, नकाशा आणि नियमांची भाषा समजावी लागते. तोंडाने बोलायला तेवढे लागत नाही.

आपल्या परंपरेत कैफियत मांडणाऱ्याला मान आहे. कुरआनच्या 58 व्या सूरेचे नावच 'अल-मुजादिला', म्हणजे वाद घालणारी, दाद मागणारी स्त्री. रिवायतीनुसार तिचे नाव खौला. नवऱ्याने केलेल्या अन्यायाची तक्रार घेऊन ती थेट प्रेषितांकडे गेली आणि तिचे ऐकले गेले. तिला कोणी प्रतिनिधी पाठवायला सांगितले नाही.

कुणी म्हणेल, सर्वांना बोलू दिले तर सभेचा बाजार होईल. पक्षांचे कार्यकर्तेच सगळी वेळ खातील. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच नियम हवेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नगर परिषदेत नागरिकाला बोलण्याचा हक्क आहे, आणि तिथे वेळेची मर्यादाही घालता येते. आपल्याकडे सुरुवात प्रभाग समितीपासून करता येईल. सभेआधी अर्धा तास राखून ठेवावा. नाव आधी नोंदवावे, प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत, विषय कार्यक्रमपत्रिकेतला असावा. शिवीगाळ नको आणि प्रमाण मराठीचा आग्रहही नको. कोळी बोलीत सांगितले तरी इतिवृत्तात नोंद व्हावी आणि पुढच्या सभेत त्याचे उत्तर यावे.

7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात सभागृहात आपल्या वतीने बोलणाराही कोणी नव्हता. ज्याची सगळी मदार फक्त प्रतिनिधीवर असते, त्याची प्रतिनिधी गेल्यावर काय गत होते, हे मुंबईने तेव्हा पाहिले. मढच्या बाईने पुलाच्या बाजूने बोलावे की विरोधात, हे तिचे तिने ठरवावे. माझा आग्रह एवढाच की तिचे बोलणे निर्णयाच्या आधी व्हावे आणि ते कुठेतरी लिहिले जावे.