तीन मैलांच्या आतली बाटली

सागरी सफरीच्या जहाजावर चढणाऱ्या उतारूची पेटी आज धक्क्यावरच तपासली जाते. तपासणाऱ्याला तीत हत्यार जसे नको असते, तशीच दारूची बाटलीही नको असते. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा, की उतारूने कडक मद्य स्वतः आणू नये. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवशी द्राक्षाच्या मद्याची एखादी बाटली आणू देतात. वाटेतील बंदरात घेतलेली बाटली मात्र जहाजाच्या स्वाधीन करावी लागते आणि ती सफर संपताना परत मिळते. जहाजावर मद्य वर्ज्य आहे म्हणून हा निर्बंध नाही. तेथील पानगृहे भरलेलीच असतात, आणि घरची बाटली वर आली की त्यांच्या गल्ल्यात तेवढी तूट येते, हे त्याचे एक उघड कारण आहे. परंतु जहाजावर बाटली कोणाच्या हुकमाने चढावी आणि कोणाच्या हुकमाने उघडावी, हा वाद या कंपन्यांहून फार जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी या वादाने दोन बलाढ्य राष्ट्रांना तह करावयास लावले.

इंग्रजी आरमारात खलाशाला रमचा शिधा सरकारातूनच मिळत असे. १७४० साली ॲडमिरल व्हर्नन याने ती रम पाणी मिसळून द्यावी, असा हुकूम काढला, आणि त्या मिश्रणाला ‘ग्रॉग’ हे नाव पडले. हा शिधा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालू राहिला. पण ज्या जहाजावर सरकारी रम रोज वाटली जाई, त्याच जहाजावर खलाशाने आपली रम चोरून आणली, तर तो अपराध ठरे. आरमारी कप्तान व कादंबरीकार फ्रेडरिक मॅरियट याने आपल्या ‘पीटर सिंपल’ या १८३४ च्या कादंबरीत यावरची एक युक्ती नोंदविली आहे. वेस्ट इंडीजच्या बंदरांत खलाशी नारळ विकत घेत. वरून पाहावे तर साधे नारळ. आतले पाणी मात्र काढून टाकलेले आणि जागी रम भरलेली. खलाशी शिस्तीत नारळाचे पाणी पीत बसले आहेत, असे अधिकाऱ्यास वाटावे! नारळाचा हा उपयोग आमच्या कोकणपट्टीच्या माणसास नवलाचाच वाटेल. यातले मर्म मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अधिकाऱ्याच्या हातून मिळणारी दारू हे शिस्तीचे साधन होते, आणि स्वतः आणलेली दारू हा शिस्तीचा भंग होता. पदार्थ एकच, प्रश्न सत्तेचा होता.

हा प्रश्न आरमाराच्या शिस्तीपुरता होता, तोवर तो कप्तानाने सोडविला. पुढे तो राष्ट्राच्या सीमेवर येऊन उभा राहिला. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीने दारूबंदी अमलात आली. अमेरिकेच्या हुकमतीखालील सर्व प्रदेशात मादक पेये बनविणे, विकणे, आणणे व नेणे निषिद्ध ठरले. पण ‘प्रदेश’ म्हणजे काय? अमेरिकन निशाण लावून अटलांटिकच्या मध्यावर चाललेले जहाज हा अमेरिकेचा प्रदेश काय? आणि इंग्लंडचे जहाज न्यूयॉर्कच्या गोदीस लागले, तर त्याच्या तळघरातील कुलूपबंद बाटली कोणाच्या प्रदेशात आहे?

प्रारंभी सरकारच्या मालकीच्या अमेरिकन जहाजांवरसुद्धा भर समुद्रात दारू विकली जात होती. देशात दारूबंदी आणि सरकारी जहाजावर पानगृह, ही विसंगती १९२२ साली चव्हाट्यावर आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ॲटर्नी जनरल डॉर्टी यांनी मत दिले, की अमेरिकन जहाजावर ते कोठेही असो, आणि परदेशी जहाजावर ते अमेरिकेच्या पाण्यात असताना, दारू असता कामा नये. जहाज कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांत दहा परदेशी व दोन अमेरिकन होत्या, आणि अग्रभागी क्युनार्ड ही इंग्रज कंपनी होती.

३० एप्रिल १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांनी लिहिला असून दोन न्यायमूर्तींचे मत त्याविरुद्ध होते. जहाज म्हणजे त्याच्या राष्ट्राचा तरंगता प्रदेश, असे आपण सर्रास म्हणतो. न्यायालय म्हणाले, तो केवळ अलंकार आहे. प्रदेश म्हणजे भूमी, बंदरे, खाड्या आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचे पाणी. म्हणून अमेरिकन जहाजास भर समुद्रात ही बंदी लागू नाही. मात्र तीन मैलांच्या आत शिरलेल्या कोणत्याही जहाजावर, मग बाटल्या परतीच्या प्रवासासाठी कुलपात का ठेवलेल्या असेनात, ती लागू आहे. काही युरोपीय देशांच्या कायद्यान्वये खलाशांना शिध्यात मद्य देणे आवश्यक होते. त्यांची अडचण तर दुहेरी झाली. स्वदेशाचा कायदा पाळावा तर अमेरिकेचा मोडतो, आणि अमेरिकेचा पाळावा तर स्वदेशाचा!

जून १९२३ मध्ये ‘बाल्टिक’ आणि ‘बेरेंगारिया’ ही इंग्रजी जहाजे परतीच्या प्रवासाची दारू ब्रिटिश जकातखात्याच्या मोहोरेखाली बंद करून न्यूयॉर्कला आली. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्या मोहोरा फोडल्या आणि माल जप्त केला. माल किती होता, याला फारसे महत्त्व नाही. एका राज्याची मोहोर दुसऱ्या राज्याच्या सेवकाने फोडली, हे महत्त्वाचे.

दुसऱ्या बाजूने अमेरिकेचीही खरी अडचण होती. दारूने भरलेली गलबते तीन मैलांच्या किंचित बाहेर नांगर टाकून उभी राहात, आणि रात्री जलद होड्या येऊन माल किनाऱ्यास नेत. कायदा किनाऱ्यावरून पाहात राही.

या दोन अडचणींतून २३ जानेवारी १९२४ रोजी वॉशिंग्टन येथे तह झाला. तीन मैलांची मर्यादा दोन्ही पक्षांनी तत्त्वतः कायम ठेवली. तथापि संशयित ब्रिटिश जहाज किनाऱ्यापासून तासाभराच्या वाटेत असेल, तर त्याची झडती घेण्यास ब्रिटनने संमती दिली. उलट, ब्रिटिश जहाजावरील दारू अमेरिकेच्या पाण्यात असेतोवर मोहोरबंद राहिली आणि तिच्यातले काही उतरविले नाही, तर अमेरिकेने तिला हात लावावयाचा नाही, असे ठरले. मग इतर राष्ट्रांनीही तसेच करार केले. ज्या मोहोरेस आदल्या वर्षी मान मिळाला नव्हता, तीच तहाचा आधार झाली.

अमेरिकन जहाजांना न्यायालयाने भर समुद्रात मोकळीक दिली होती. सरकारी धोरणाने मात्र ती कोरडीच ठेवली. परिणामी तहानलेला अमेरिकन उतारू परदेशी जहाजाकडे वळला. १९२९ नंतरच्या मंदीत उतारू कमी झाले, तेव्हा मोठमोठी परदेशी जहाजे न्यूयॉर्कहून स्वस्त, छोट्या सफरी काढू लागली. तीन मैल ओलांडले, मोहोर निघाली, की पानगृह उघडे! ‘बेरेंगारिया’ या भव्य जहाजाचे नाव तर लोकांनी थट्टेने ‘बार्गेन एरिया’, म्हणजे स्वस्ताईचा बाजार, असे केले. आजच्या सफरी-व्यवसायाच्या वाढीत त्या कोरड्या वर्षांचाही वाटा आहे. ५ डिसेंबर १९३३ रोजी अमेरिकेची दारूबंदी उठली.

आपल्याकडील वाचकास ही कथा परकी वाटू नये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला तेव्हा बडोदे व बेळगाव त्या राज्यात होते, आणि त्याच किनाऱ्यावर खाली गोव्यात डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने दारूबंदी नव्हती. गुजरातेत दारूबंदी आजही आहे. सीमेच्या एका बाजूस जी वस्तू विक्रीस मांडलेली असते, तीच दुसऱ्या बाजूस गुन्हा ठरते, हा अनुभव या भागातील माणसास पुस्तकातून घ्यावा लागत नाही.

सागरी हद्द आता बारा मैलांपर्यंत वाढली आहे. तरीही बंदरात असताना जहाजावरील करमुक्त मालाची कोठी जकात अधिकारी मोहोरबंद करतात, ही रीत अनेक देशांत चालू आहे. उतारूची बाटली धक्क्यावर ताब्यात घेऊन शेवटच्या दिवशी परत करणारी कंपनी जवळजवळ तेच करीत असते. फरक इतकाच, की १९२४ ची मोहोर दोन राज्यांनी एकमेकांच्या कायद्याचा मान राखण्यासाठी मान्य केली होती. आजची कंपनी आपला नियम एकटीच करते आणि तिकीट घेताना उतारू त्यास संमती देतो. कायदा असो वा कंपनीचा नियम, त्याचा अंमल कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे आधी स्पष्ट असले, तर पुष्कळसे भांडण धक्क्यावरच मिटते.