विलायतेंतील आया

परदेशीं एखाद्या कुटुंबांत राहावें, त्यांच्या मुलांचा सांभाळ करावा, मोबदल्यांत अन्न, निवारा व हातखर्च घ्यावा आणि तेथील भाषा शिकून परत यावें, अशी एक रीत युरोपांत रूढ आहे. तिला ‘ओ पेअर’ म्हणतात. घरांत आलेली मुलगी मोलकरीण नव्हे, ती बरोबरीच्या नात्यानें राहते, असा या फ्रेंच शब्दाचा आशय. परंतु ही बरोबरी नुसत्या शब्दानें येत नाहीं. हिंदुस्थानांतून विलायतेस गेलेल्या आयांचा इतिहास याची साक्ष देतो.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि इंग्रज कुटुंबांचें जाणें-येणें वाढलें. समुद्रप्रवासांत मुलांकडे पाहण्यास आया हवी असे. बोट लागून मडमसाहेब आडव्या झाल्या तरी आयेला उसंत नसे. लंडन आलें कीं मात्र तिची गरज पुष्कळदां संपे. कांहीं कुटुंबें तिच्या परतीची तजवीज करीत. कांहीं तिला तशीच वाऱ्यावर सोडीत. भाषा परकी, थंडी बोचरी, ओळखीचें माणूस एकही नाहीं!

अशा स्त्रियांसाठीं एकोणिसाव्या शतकांत ऑल्डगेट भागांत एक वसतिगृह होतें. १९०० सालीं तें लंडन सिटी मिशनच्या व्यवस्थेखालीं हॅकनेमध्यें, किंग एडवर्ड्स रोडवरील २६ क्रमांकाच्या घरांत आलें. १९२१ सालीं तें त्याच रस्त्यावर ४ क्रमांकाच्या घरांत गेलें. दरसाल सुमारें शंभर स्त्रिया तेथें उतरत; त्यांत चिनी दायाही असत. मालकीण आयेचें परतीचें तिकीट वसतिगृहाच्या स्वाधीन करी. हिंदुस्थानांत निघालेलें दुसरें कुटुंब तें विकत घेऊन तिला सेवेस ठेवी, आणि मधल्या मुक्कामाचा खर्च त्या पैशांतून भागे. आसऱ्याबरोबर ख्रिस्ती धर्माचा उपदेशही मिळे.

हा आसरा मोलाचा होता. पण दया म्हणजे हक्क नव्हे. तिकीटच न देणाऱ्या मालकापुढें आयेचा इलाज चालत नसे.

२४ नोव्हेंबर १९६९ रोजीं युरोप परिषदेच्या राष्ट्रांनीं स्ट्रासबर्ग येथें ‘ओ पेअर’विषयीं करार केला. दोन्ही पक्षांचें लेखी करारपत्र, दिवसास सामान्यतः पांच तासांहून अधिक काम नाहीं, आठवड्यांतून एक पूर्ण दिवस मोकळा, शक्यतों स्वतंत्र खोली आणि भाषा शिकण्यास सवड, अशा त्याच्या अटी आहेत. थोड्याच राष्ट्रांनीं तो मान्य केला; तरी आश्रितेचा हक्क कागदावर आला, हें लहान नव्हे.

जून २०२२ मध्यें हॅकनेच्या त्या २६ क्रमांकाच्या घरावर स्मारकाची निळी पाटी बसली. तिच्यावर कोणा एकीचें नांव नाहीं. बोटींवरील याद्यांतही पुष्कळ आयांची नोंद मालकिणीच्याच नांवानें झालेली आहे. ज्यांनीं दुसऱ्यांचीं मुलें सुखरूप पैलतीरीं नेलीं, त्यांचीं स्वतःचीं नांवें मात्र कागदावर चढलीं नाहींत.