नाते वस्तूत की मनात? ‘इजाफत’विषयक वादाचा एक मागोवा

उर्दूच्या वर्गात ‘इजाफत’ शिकवावी लागते आणि मराठीच्या वर्गात षष्ठी. ‘मालिक-ए-मकान’ म्हणजे ‘घराचा मालक’. घर दिसते, मालकही दिसतो. परंतु त्या दोहोंना जोडणारा ‘चा’ जगात कोठे असतो? व्याकरणातील हा शब्द मुळात अरबी तत्त्वज्ञानातील एक पारिभाषिक संज्ञाही आहे आणि तिच्याभोवती अनेक शतके वाद झाला आहे.

ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या दहा पदार्थांपैकी ‘संबंध’ हा एक. अरबीत त्याला ‘इजाफत’ हे नाव मिळाले. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘अश्-शिफा’ या ग्रंथाच्या ‘इलाहियात’ या भागात त्याचा सविस्तर विचार केला. संबंध केवळ बुद्धीत असतो, हे मत त्यांना मान्य नव्हते. मात्र एकच संबंध दोन वस्तूंमध्ये पुलासारखा टाकलेला असतो, हेही त्यांनी नाकारले. बापाचे पितृत्व बापात, मुलाचे पुत्रत्व मुलात. दोन भावांचे भाऊपणसुद्धा, दोन पांढऱ्या वस्तूंच्या पांढरेपणाप्रमाणे, ज्याचे त्याच्याजवळ.

यावर आक्षेप असा की, पितृत्व हा गुण बापात राहतो म्हटले तर ‘राहणे’ हाही एक संबंधच झाला. मग त्याला जोडणारा तिसरा, त्याला चौथा, अशी अनवस्था येते. इब्न सीनांचे उत्तर असे की, संबंध स्वतःच संबद्ध असतो. त्याला दुसऱ्या दुव्याची गरज नाही.

कलामपंडितांचे म्हणजे मुतकल्लिमीनांचे समाधान यातून झाले नाही. अजुदुद्दीन ईजी (मृत्यू १३५५) यांचा ‘अल-मवाकिफ’ आणि त्यावरील शरीफ जुर्जानी (१३४०–१४१३) यांचे भाष्य यांत हा वाद व्यवस्थित मांडलेला आहे. ‘ऐन’, म्हणजे वस्तूचे स्थान, एवढा अपवाद सोडून बहुतेक मुतकल्लिमीनांनी सर्व संबंधात्मक पदार्थांचे बाह्य अस्तित्व नाकारले. संबंध ‘ऐतिबारी’, म्हणजे बुद्धिगृहीत, ठरला. औरंगजेबाच्या काळातील मीर जाहिद हरवी यांनी याच भाष्यावर टिपणे लिहिली आणि ती हिंदुस्थानातील मदरशांत अभ्यासली गेली.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. मुतकल्लिमीनांनी संबंध नाकारले, म्हणजे त्यांच्या मते नातीगोती काल्पनिक होती, असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही. आकाश आपल्या वर आहे, हे कोणी मनात आणो वा न आणो, खरेच असते. मग ‘वर असणे’ वास्तव का नाही, असा तत्त्ववेत्त्यांचा सवाल होता. त्यावर उत्तर असे की, विधान खरे ठरण्यासाठी त्यातील प्रत्येक गोष्ट बाहेर स्वतंत्रपणे असावी लागत नाही. एखादा माणूस आंधळा आहे हे सत्यच. परंतु आंधळेपण ही काही वस्तू नव्हे, तो दृष्टीचा अभाव आहे. ऐतिबारी म्हणजे मनगढंत नव्हे. ज्याला वस्तुस्थितीचा आधार आहे ते वेगळे आणि राक्षसाच्या दातांसारखी निव्वळ कल्पना वेगळी, हा भेद त्यांनी जपला. बाप-लेकाचे नाते आणि त्यावर उभा असलेला वारसाहक्क या मताने डळमळीत होत नाही.

संस्कृत परंपरेतही हाच पेच दिसतो. वैशेषिकांनी धागे आणि वस्त्र यांना जोडणारा ‘समवाय’ स्वतंत्र पदार्थ मानला. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘संबंधपरीक्षा’ लिहून संबंधाचे वास्तवत्वच खोडून काढले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.१३) समवायावर अनवस्थेचाच दोष ठेवला, आणि समवाय स्वतःच्या स्वरूपानेच जोडला जातो, हे नैयायिकांचे उत्तर इब्न सीनांच्या उत्तराच्या अगदी जवळ जाते. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. प्रश्नच असा आहे की नीट विचार करणारा त्याच वळणावर येऊन थांबतो.

आपल्या महाविद्यालयांत एका विभागात समवाय शिकवला जातो, दुसऱ्यात इजाफत. आणि दोन्हीकडचे विद्यार्थी एकमेकांचे ग्रंथ उघडत नाहीत. संबंध वस्तूत असतो की बुद्धीत, हा निर्णय बाजूला ठेवला तरी या दोन परंपरा शेजारी ठेवून वाचणे आपल्या हाती आहे. त्यासाठी लागणारा ‘चा’ मात्र आपणच पुरवायचा आहे.