ठसा कोणता आणि घाव कोणता?

मंडळी, खोडद, नारायणगाव, जुन्नर हा आपला मुलूख जुन्या व्यापारी वाटेवरचा. कोकणच्या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळी नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. अशा भूमीत घराचा पाया खणताना एखादं नाणं लागलं, तर त्यात नवल नाही. नाणं लागलं की वाद सुरू. एक म्हणतो, ही टांकसाळीची खूण; दुसरा म्हणतो, छे, कुणीतरी छिन्नी मारली आहे. हा वाद तोडायचा कसा?

पूर्वी दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून वरून हातोडा हाणीत. खूण ठशातच कोरलेली, म्हणून त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी येते, आणि ठशात खोदलेलं असतं ते नाण्यावर उठून दिसतं. घाव मात्र ज्याचा त्याला वेगळा. घावानं धातू आत दबतो आणि कडेला वरंबा उठतो, नांगराच्या तासाला उठतो तसा. तिरप्या उन्हात धरून पाहा, लगेच कळेल.

पण उठून दिसलं की खूण, असंही समजू नका. माळेत ओवण्यासाठी नाण्याला कडी लावलेली असली, तर डाखाचं टेंगूळ राहतं. ठशालाच चीर पडली, तर तीत धातू शिरून नाण्यावर उंच रेघ उमटते. ती टांकसाळीतलीच खरी, पण कुणी मुद्दाम केलेली नव्हे. आपली शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुष्कळ शिवरायांवर यातलं एखादं अक्षर पुरतं नसतं. ते झिजलंच असेल असं नाही. चकती लहान आणि ठसा मोठा, म्हणून अक्षर चकतीबाहेर राहिलं. चांदीच्या नाण्यांवर सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेले टोचेही सापडतात. ते घावच, पण नाणं बाजारात फिरल्याची साक्ष देणारे.

आता खरी मौज ऐका. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. एका अंगाला राजाचा मुखवटा, दुसऱ्या अंगाला बाण आणि वज्र. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर राजाचा चेहरा चेपलेला, अक्षरं मोडलेली. एकटं एखादं नाणं हाती आलं असतं, तर कुणीही ‘खराब’ म्हणून मोडीत घातलं असतं. शेजारी शेजारी मांडल्यावर मात्र दिसलं, की मोडतोडीतून तीच आकृती पुन्हा पुन्हा डोकावते आहे: तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नागमोडी रेघ, भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव, आणि उलट बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जयिनी चिन्ह. म्हणजे हा घाव नव्हे, जेत्याची मोहोर! नहपानाची सत्ता मोडल्यावर त्याचंच चलन सातकर्णीनं आपला छाप मारून चालू ठेवलं. हाच नहपान जुन्नरलाही आहे बरं का. मानमोडीच्या लेण्यांत त्याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा दानलेख आजही आहे.

खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. तिथल्या शास्त्रज्ञांनाही आकाशातली लहर कोणती आणि जवळच्या यंत्रांची खरखर कोणती, हे निवडावंच लागतं!

अलीकडच्या नाण्यांचं सोपं आहे. सालाखाली चौकट असली तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, काहीच नसलं तर कोलकाता. तेव्हा ओरखडा दाखवून ‘दुर्मिळ खूण’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्याच सालचं, त्याच टांकसाळीचं दुसरं नाणं शेजारी ठेवायला सांगा.

आणि सापडलेलं नाणं चिंच-राखेनं घासू नका. नाजूक छाप पहिल्या घासण्यातच जातो. गुरुजींनी मुलांकडून कागदावर दोन्ही बाजूंचं चित्र काढून घ्यावं, कुठं सापडलं ते लिहून ठेवावं. जमिनीतून दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन निघालं, तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. साठा असेल तर नाणी वाटून घेऊ नका, एकत्रच राहू द्या.