पाठीच्या कण्यांतील घातक गाठ

वर्धा जिल्ह्यांत कोणी पाठ दुखते म्हणाला, तर शेतांतल्या कष्टांकडे बोट दाखविलें जातें. पाय लुळे पडूं लागले, तर मणक्याचा क्षय मनांत येतो. बहुधा तें खरेंही असतें. परंतु क्वचित् मज्जातंतूच्या आवरणांतून उगवलेलें घातक अर्बुद मज्जारज्जूस दाबीत असतें, आणि मग दवडलेला प्रत्येक आठवडा पायांतली शक्ति घेऊन जातो.

कण्यांतली न दिसणारी गाठ ताडण्याची विद्या प्रथम लंडनमध्यें फळास आली. एका ४२ वर्षांच्या गृहस्थास तीन वर्षें पाठींत कळा येत. शेवटीं पाय गेले. कातडीची संवेदना कोठपर्यंत हरपली आहे हें पाहून डॉ. विल्यम गावर्स यांनीं गाठीची जागा ठरविली, आणि ९ जून १८८७ रोजीं व्हिक्टर हॉर्स्ले यांनीं कणा उघडला. ठरल्या जागीं कांहींच नव्हतें! आणखी वरची कमान काढली, तेव्हां गाठ सांपडली. वर्षभरांत तो गृहस्थ चालूं लागला. मात्र ती गाठ सौम्य होती. या यशाच्या कीर्तींत ही गोष्ट सहसा झांकली जाते.

घातक गाठीची कथा निराळी. अंगावर तपकिरी डाग व मऊ गाठी उठणारा आनुवंशिक विकार फॉन रेक्लिंगहाउझेन यांनीं १८८२ सालीं वर्णिला; मज्जातंतूंच्या घातक अर्बुदांपैकीं सुमारें निम्मीं अशाच रोग्यांस होतात. वर्षानुवर्षें निमूट असलेली गाठ एकाएकीं वाढूं व ठणकूं लागणें हें त्यांतलें मुख्य भयसूचक लक्षण.

१९२१ च्या सुमारास पॅरिसमध्यें सिकार व फॉरेस्तिए यांनीं कण्यांत आयोडीनयुक्त तेल सोडून क्ष-किरणांनीं अडथळा दाखविला. १९८० नंतर एम. आर. आय. आलें व गाठ थेट दिसूं लागली. तरी तिची जात कळते ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच.

मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चें; वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनीं मेंदु व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा विभाग १९४९ सालीं काढला. वर्ध्याहून दोन्ही दूर. डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभें केलें, पुढें सावंगीसही झालें, आणि निदानाची पहिली पायरी जिल्ह्यांतच आली.

उपचार मात्र अद्याप कठीणच. हातापायांत गाठीभोंवतींचा निरोगी भागही कापून काढतां येतो; कण्यांत शेजारीं मज्जारज्जु असल्यामुळें शस्त्र आवरावें लागतें. म्हणून मागाहून किरणोपचार देतात; औषधांचा गुण मर्यादित. रोग परततो तो त्याच जागीं किंवा फुप्फुसांत, यासाठीं जखम भरल्यावरही छातीचीं चित्रें काढीत राहावें लागतें.