कानशिलावरची हद्द

अंडरकट ह्या नावाने आज तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत सर्वत्र रूढ झालेल्या केशरचनेचे मर्म केसांत नाही, एका रेषेत आहे. कानशिलापासून निघून मस्तकाला मागून वळसा घालणारी ही रेषा म्हणजे हद्द. तिच्या खालचे केस यंत्राने त्वचेलगत उतरवायचे, वरचे चार-पाच बोटे लांब राखायचे, आणि दोहोंच्या मध्ये उतार म्हणून काढायचा नाही, ही ह्या रचनेची अट. ज्याला फेड म्हणतात त्यात आखूड केस हळूहळू लांब केसांत विरून जातात. अंडरकटमध्ये ते शेताच्या बांधाशी नांगर थांबावा तसे एकदम थांबतात.

परवा एका रविवारी आमच्या पेठेतील सलूनमध्ये माझी पाळी येईपर्यंत हे काम मी जवळून पाहिले. खुर्चीवर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याने मोबाइलमधला एक फोटो पुढे केला आणि म्हटले, “काका, बाजूला झिरो मारा, वरचे राहू द्या.” कारागिराने फवाऱ्याने केस ओले केले, कंगव्याच्या टोकाने भुवईच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ वर भांग ओढला, तो मागून फिरवून दुसऱ्या बाजूच्या तशाच बिंदूला आणून मिळवला, आणि वरचा सगळा संभार चिमट्यांनी माथ्यावर आवळून टाकला. प्रथम दोन नंबरची फणी लावून, म्हणजे सहा मिलिमीटर केस राखून, यंत्र मानेकडून वर गेले. मग एक नंबरची, तीन मिलिमीटरांची. मग फणीच काढली गेली. हाताचा वेग कुठेही वाढला नाही, परंतु रेषेजवळ येताच मनगट बाहेरच्या बाजूला वळे आणि यंत्र केसांवरून अलगद सुटे. मानेवरची व कानामागची कड वस्तऱ्याने झाली. चिमटे काढताच लांब केस दोन्ही बाजूंनी कोसळले आणि उतरवलेला भाग त्यांच्याखाली दिसेनासा झाला. नावातल्या ‘अंडर’चा अर्थ मला त्या क्षणी खरा कळला. मग ड्रायरची गरम हवा पुढून मागे, हरभऱ्याएवढे वॅक्स तळहातावर चोळून केसांच्या मुळाशी, आणि वरून कंगवा न लावता नुसती बोटे. “बाळा, पंधरा-वीस दिवसांनी बाजू मारून घे, नाहीतर कानावर फुगतील,” एवढे सांगून कारागिराने मानेवरची पावडर झटकली.

त्या सलूनच्या भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर आहे आणि तिच्याखाली काचेच्या पेटीत हाताने दाबायचे एक जुने, निकेल उडालेले केस कापण्याचे यंत्र ठेवलेले आहे. मी त्याच्याकडे पाहतो आहे हे ध्यानात येऊन कारागीर म्हणाले, “वडलांचं मशीन आहे, साहेब. आजोबांची धोकटी पण होती. ती मोडीत गेली.” हे वाक्य घरी येईपर्यंत माझ्या मनातून गेले नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

बाजू उतरवून माथ्यावर केस राखणे महाराष्ट्राला नवीन नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या आळीत घेरा राखणारे दोन-तीन वृद्ध होते. मस्तकाच्या कडेने सगळीकडे वस्तरा फिरलेला, आणि माथ्यावर राखलेल्या केसांच्या वर्तुळाची मागे गाठ मारलेली. कोणाची शेंडी गोखुराएवढी, कोणाचा घेरा त्याहून ऐसपैस. रेषा मात्र प्रत्येकाची स्वच्छ, आणि ती कोठे ओढायची हे कुळाच्या रिवाजाने ठरलेले. परंतु आजच्या अंडरकटशी त्याचे नाते सांगताना एक मोठा भेद विसरता येत नाही. घेरा लोकांना दाखवण्यासाठी नव्हता. पुरुषाने घराबाहेर पडायचे ते पगडी, पागोटे किंवा रुमाल बांधून, बोडक्या डोक्याने हिंडणे हे सुतकाचे किंवा वेडाचे लक्षण. त्यामुळे मस्तकावर काय राखले आहे हे घरची माणसे, देवघर आणि न्हावी ह्यांच्यापुरतेच राही.

हा न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला दर खेपेस पैसा मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन वर्षभराच्या क्षौराबद्दल धान्याचा हक्क उचलायचा, असा त्याचा गावाशी वतनी करार असे. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ ह्या 1915 सालच्या ग्रंथात ही सारी व्यवस्था तिच्या गुणदोषांसह सविस्तर आली आहे. न्हाव्याची धोकटी म्हणजे चामड्याची घडीची पिशवी; तीत वस्तरे, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, वस्तरा पाजवण्याचा चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी आणि हाताएवढा आरसा. बाळाचे जावळ त्याने काढायचे, नवरदेवाची श्मश्रू त्याने करायची, बाप गेल्यावर मुलाचे क्षौरही त्यानेच करायचे. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या मस्तकाला हात लावण्याचा अधिकार असलेला हा मनुष्य, पण भाषेने त्याला न्याय दिला नाही: ‘हजामत करणे’, ‘बिनपाण्याने करणे’, ‘भादरणे’ हे त्याच्या कसबाचे शब्द आपण नुकसान आणि अपमान ह्यांसाठी वापरतो. सेना महाराजांनी उलट केले. आपल्या पेशाचीच उपकरणे घेऊन त्यांनी अभंगातून परमार्थ सांगितला, आणि श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी आजही नाभिक समाज श्रद्धेने पाळतो.

पण वस्तरा न्हाव्याच्या हातात असला तरी तो कोणाच्या डोक्यावर चालवायचा आणि कोणाच्या नाही, ह्याचा हुकूम गावाचा असे. पती निवर्तल्यावर तरुण, कित्येकदा बालवयातल्या, विधवेचे केशवपन त्याच्याकडूनच करवून घेतले जाई. नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’चे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी, ह्यांच्या प्रयत्नाने 1890 साली मुंबईत शेकडो न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या केसांवर आपण यापुढे वस्तरा चालवणार नाही असा त्यांनी निर्धार केला. ज्यांच्या हातून अन्याय घडवला जात होता त्या हातांनीच त्याला नकार द्यावा, ही गोष्ट मला आपल्या सामाजिक इतिहासातल्या फार मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते. हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले तेही ह्याच वर्षी, आणि त्यातून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ ह्या कादंबरीतल्या यमूच्या केशवपनाने वाचणाऱ्या घराघरांत कालवाकालव झाली.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या बालपणाची आठवण नोंदवली आहे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, केस कापण्याचे पैसे देण्याची कुटुंबाची ऐपत होती; तरीही केस कापायची ती मोठी बहीण, कारण अस्पृश्याच्या मस्तकाला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. हातात कात्री घेतलेली ती बहीण आणि तिच्यापुढे मान वाकवून बसलेला तो मुलगा, एवढे चित्र डोळ्यांपुढे आले तरी बलुतेदारीच्या व्यवस्थेविषयी हळवे होऊन बोलणे मला अशक्य होते.

अंडरकटची जन्मभूमी मात्र ह्या सर्वांपासून दूर, इंग्लंडमधील कारखान्यांच्या शहरांत आहे. 1870 नंतरच्या दोन-तीन दशकांत मँचेस्टर व सॅलफर्ड येथे स्कटलर म्हणवणाऱ्या कामकरी पोरांच्या टोळ्या होत्या. मागून आणि बाजूंनी केस अगदी कातरलेले, कपाळावर मात्र लांब झुलपे तेलपाण्याने चापून बसवलेले, आणि ते झुलपे दिसावेत म्हणून टोपी मुद्दाम एका बाजूला कललेली. आपल्याकडे शिरस्त्राण केस झाकण्यासाठी होते, तिकडे ह्या पोरांनी टोपी केस दाखवण्यासाठी वाकडी केली. बर्मिंगहॅमच्या पीकी ब्लाइंडर्स टोळीतील तरुणांचीही पोलिसांनी टिपलेली छायाचित्रे आज पाहायला मिळतात. मारामारीत शत्रूच्या मुठीत केस सापडू नयेत हे ह्या कापाचे एक कारण सांगतात. दुसरे कारण अधिक करुण आहे. आखूड केस लांब केसांत विरवत नेणे हे कात्री आणि कंगव्याचे कसबी, वेळखाऊ काम. ते करणारा कारागीर गरिबाच्या पोराला परवडत नसे. ज्या तुटक रेषेसाठी आज तरुण मुलगा फोटो घेऊन सलूनमध्ये येतो, ती एके काळी दारिद्र्याची खूण होती.

ह्या रेषेला जगभर नेले ते यंत्राने आणि पलटणीने. हाताने दाबून चालवायच्या केस कापण्याच्या यंत्राचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या निकोला बिझुमिच ह्या सर्बियन कारागिराला दिले जाते; अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्टर्लिंग ह्या गावी लिओ वाल ह्यांनी 1919 साली विजेचे यंत्र सिद्ध केले व 1921 साली त्याचे पेटंट मिळवले. दोहोंच्या मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले. खंदकांतल्या उवा आणि त्यांच्यामुळे पसरणारा ज्वर ह्यांनी शिपायाच्या केसांना सैन्याच्या शिस्तीचा विषय बनवले. बाजू व मान स्वच्छ आणि माथ्यावर थोडे, हा काप लाखो पुरुषांच्या अंगवळणी पडला. केसांच्या बाबतीत फौजेचे फर्मान किती बारीक असते हे पाहायचे तर ब्रिटिश सैन्यात मिशी राखण्याची सक्ती होती आणि ती 1916 च्या ऑक्टोबरात हुकमाने रद्द करावी लागली, एवढे सांगितले तरी पुरे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात सापडल्या. ‘सोल्जर कट’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रुळला तो पलटणीतून रजेवर येणाऱ्या जवानांबरोबरच आला असावा असे मला वाटते.

माझ्या बालपणी आमच्या न्हावीमामांजवळ हाताचे यंत्र होते. दर महिन्याला ते ओसरीवर येत, पोत्यावर बसवून मान आपल्या गुडघ्यांत धरत, आणि यंत्राचा ‘चिकचिक’ आवाज मानेकडून वर चढू लागे. दाते बोथट झाले की केस कापण्याऐवजी उपटले जात व डोळ्यांत पाणी येई. पण मामांच्या हाताला येणारा साबणाचा आणि चामड्याचा वास मला अजून आवडतो. काप कसा हवा हे कोणी मला विचारत नसे. वडील एकच शब्द बोलत, “बारीक”, आणि तो अखेरचा निर्णय असे.

पुढे पागोट्याची टोपी झाली, टोपीही उतरली, आणि उघड्या डोक्याच्या पिढीबरोबर केस हा दाखवण्याचा विषय झाला. ओसरीवरचे न्हावी रस्त्यावर ‘हेअर कटिंग सलून’च्या पाटीखाली गेले, धान्याचा हक्क संपला आणि रोख दर आला. 1955 सालच्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा अपराध ठरवला. कायद्याने प्रत्येक गावातील प्रत्येक खुर्ची त्या दिवशी खुली केली असे नाही, आणि तसे म्हणणे खोटे ठरेल. परंतु शहरातल्या सलूनने, जिथे येणाऱ्याचे नावसुद्धा विचारले जात नाही, ते काम पुष्कळ पुढे नेले. नटांच्या केसांच्या लाटा आल्या, कान झाकले गेले, पुन्हा उघडे पडले. 1990 नंतर लहान मुलांचा मशरूम कट आला, जो खरे पाहता अंडरकटचाच एक प्रकार. 2013 साली पीकी ब्लाइंडर्सच्या कथेवर दूरदर्शन-मालिका निघाली आणि बर्मिंगहॅमच्या त्या जुन्या रेषेने पुन्हा जगाची फेरी केली.

रविवारच्या त्या मुलाने आरशात मान दोन्हीकडे वळवून पाहिली, ड्रायरने वर चढलेल्या केसांतून बोटे फिरवली, पैसे दिले आणि तो गेला. हद्द कोठे ओढायची हे त्याला कुळाने सांगितले नव्हते, गावाने नाही, फौजेने नाही, वडलांनीही नाही. त्याचे नाव वा जात कारागिराला ठाऊक नव्हती. हे स्वातंत्र्य आपल्याकडे फार उशिरा आणि फार लोकांच्या कष्टाने आले आहे.

त्याच्यामागचा इतिहास मात्र आपण मोडीत घालतो आहोत. वतनदारांच्या सनदा दप्तरांत जपल्या गेल्या, न्हाव्याची धोकटी कोणी जपली नाही. म्हणून वाचकांना, आणि विशेषतः नाभिक समाजातील तरुणांना, माझी विनंती आहे: घरात आजोबांची धोकटी असेल, वस्तरा, नराणी, हाताचे यंत्र असेल, तर ते भंगारात देऊ नका. त्या वस्तूबरोबर एका कागदावर तिच्या मालकाचे नाव, गाव, त्याच्याकडे किती घरांचे बलुते होते, आणि कोणाचे केस कापायला त्याला मनाई होती, हेही आजच लिहून ठेवा.